मालदीवमध्ये स्कूबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालदीवमधला सगळ्यात चांगला डाइव्ह स्पॉट कोणता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर दर वेळी एकच असतं: कोणत्या महिन्यात जाताय? त्याचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न, आजवर किती डाइव्ह केल्यात? ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत ज्या खिंडीच्या तोंडाशी पंचवीस-तीस शार्क फिरत असतात, तिथेच ऑगस्टमध्ये गढूळ पाण्यात हात पुढे करून चाचपडावं लागतं. लोक आधी पाण्यावरच्या व्हिलाचा फोटो बघून बुकिंग करतात आणि मग विचारतात की इथे मँटा, म्हणजे पंखांसारखे पर हलवत पोहणारे मोठे चपटे मासे, दिसतील का. क्रम उलटा हवा. आधी महिना, मग अटोल, मग राहायची जागा.

अटोल, कंडू, थिला, गिरी हे शब्द सगळीकडे येतात. म्हणजे काय?

हे चार शब्द कळले की मालदीवचा अर्धा नकाशा कळला.

अटोल म्हणजे प्रवाळाचं मोठं कंकण. जुना ज्वालामुखी हळूहळू खचला, त्याच्या काठाने वाढलेलं प्रवाळ तेवढं वर राहिलं, मध्ये उथळ खाजण. हा शब्द इंग्रजीने दिवेहीतूनच, म्हणजे मालदीवच्या भाषेतूनच उचलला, मूळ उच्चार ‘अतोळू’. असली 26 कंकणं उत्तर-दक्षिण पसरली आहेत आणि त्यांत साधारण 1,200 बेटं. माणसं राहतात ती जेमतेम दोनशेंवर.

कंडू म्हणजे या कंकणातली फट, खिंड म्हणा. भरती-ओहोटीचं आणि मोसमी प्रवाहाचं पाणी इथूनच आत-बाहेर करतं. थिला म्हणजे पाण्याखालची टेकडी, जिचा माथा पाच-दहा मीटरवर असतो. गिरी म्हणजे तशीच, पण माथा जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेला. आपल्याला ‘गिरी’ म्हटलं की सह्याद्री आठवतो. इथे तो पाण्यात बुडालेला आहे.

जाता जाता: दिवेही ही आपल्या मराठीची लांबची बहीण. माशाला ‘मस’, पाण्याला ‘फेन’, दहाला ‘दिहएह’. आणि बोटीला ‘धोनी’. डाइव्ह सेंटरवर कुणी ‘धोनी आठ वाजता निघेल’ म्हणालं तर हसू आवरा, त्यांनी तो विनोद भारतीयांकडून हजार वेळा ऐकलाय.

मग कोणत्या महिन्यात कुठे?

मालदीवला दोनच ऋतू. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा वारा, त्याला तिथे ‘इरुवई’ म्हणतात. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, ‘हुल्हंगु’. हाच वारा पुढे येऊन आपल्याकडे पाऊस पाडतो, तेव्हा मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

इरुवईत प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे अटोलच्या पूर्वेच्या खिंडींतून खोल समुद्राचं स्वच्छ, निळं पाणी आत शिरतं. शार्क नेमके अशाच तोंडाशी उभे राहतात. पाणी त्यांच्या कल्ल्यांतून आपोआप वाहतं, त्यांना फार हलावंही लागत नाही. अटोल ओलांडून पश्चिमेला बाहेर पडणारं पाणी मात्र प्लँक्टन, म्हणजे मँटांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव, घेऊन निघतं, म्हणून मँटा त्या बाजूला. हुल्हंगुत सगळं उलट: मँटा पूर्वेकडे, स्वच्छ पाणी पश्चिमेकडे.

तर ढोबळ हिशेब असा. जानेवारी ते एप्रिल शार्क आणि स्वच्छ पाणी हवं असेल तर वावू अटोलच्या पूर्वेकडच्या खिंडी. मे ते नोव्हेंबर मँटा हवे असतील तर बा अटोल, किंवा मालेजवळचा लंकन मँटा पॉइंट. व्हेल शार्क दक्षिण आरीला बाराही महिने. टायगर शार्क फुवामुलाला बाराही महिने. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं मधल्यामध्ये सापडतं: वारा बदलत असतो, कधी दोन्हीकडचं दिसतं, कधी कुठलंच नाही.

मालवणला स्कूबा केलंय. तेवढं पुरेल का?

नाही. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, पण मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होतं ती ओळखडाइव्ह. प्रशिक्षक मागून टाकी धरून असतो, तुम्ही माशांना पाव दाखवता, व्हिडिओ मिळतो. मजा आहेच, पण त्याने तुम्ही सर्टिफाइड डायव्हर होत नाही. मालदीवमध्ये कार्ड नसेल तर तुम्हाला तशीच ओळखडाइव्ह मिळेल, उथळ खाजणात, जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत. ज्या जागांची नावं तुम्ही व्हिडिओत ऐकलीत त्यांपैकी बहुतेक तुमच्यासाठी बंद.

ओपन वॉटर हा डायव्हरचा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. अ‍ॅडव्हान्स्ड झालं की 30 मीटर. मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगची कायदेशीर मर्यादाही 30 मीटरच आहे, तुमच्याकडे कितीही भारी कार्ड असलं तरी. कोर्स इथेच करून जा, असा माझा सल्ला. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रातही होतो, अंदमानला होतो, पुदुच्चेरीला होतो. मालदीवच्या डॉलरमध्ये तरणतलावातल्या कसरती करण्यात काय हशील?

पोहता येत नाही. चालेल?

ओळखडाइव्हला चालतं. कोर्सला नाही: 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं. वेगाची अट नाही. गावच्या विहिरीत शिकलेलं कुत्रापोहणंही चालून जातं, दम टिकला पाहिजे.

नवशिक्यांसाठी कोणत्या जागा?

उत्तर माले अटोलमधली बनाना रीफ. केळ्याच्या आकाराची म्हणून बनाना. मालदीवमध्ये पर्यटन 1972 ला सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळापासूनची ही नावाजलेली जागा. कपारी, पिवळ्या स्नॅपरचे थवे, आणि प्रवाह नसेल तेव्हा अगदी निवांत. 1995 ला सरकारने ज्या जागा संरक्षित केल्या त्यांत हीही होती.

तशाच आरी अटोलमधल्या आतल्या बाजूच्या अनेक गिरी. नाव नसतं, गर्दी नसते, आणि कासव हमखास. पहिल्या दहा डाइव्ह अशाच जागी कराव्यात. दहा मीटरवर अर्धा तास एका कासवाला प्रवाळ कुरतडताना बघणं हे तीस मीटरवर घाबरत लटकण्यापेक्षा केव्हाही बरं.

कंडू डाइव्ह इतकी अवघड का समजतात?

कारण तिथे तुम्ही पोहत नाही, पाणी तुम्हाला नेतं.

वावूच्या मियारू कंडूचं सांगतो. ‘मियारू’ म्हणजेच शार्क, तेव्हा नावातच सगळं आलं. धोनी खिंडीच्या तोंडाबाहेर थांबली. आधी गाइड एकटा मास्क-फिन लावून उडी मारतो, खाली डोकं घालून आपले बुडबुडे आणि कण कुठे वाहतायत ते बघतो, वर येऊन बोटाने दिशा दाखवतो. पाणी आत जात असेल तर डाइव्ह, बाहेर येत असेल तर चहा. त्या दिवशी आत जात होतं. ‘निगेटिव्ह एंट्री’ म्हणजे बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जॅकेटातली) हवा आधीच काढून टाकायची आणि उडी मारली की थेट खाली. वर तरंगत बसलात तर खिंड मागे राहते.

28 मीटरवर खडकाचा काठ. तिथे रीफ हुक, म्हणजे दोरीला बांधलेला आकडा, मेलेल्या खडकात अडकवला आणि मी पतंगासारखा मागे फडफडत राहिलो. मान जरा वळवली की मास्क निघून जाईल इतका जोर. समोर निळ्या पोकळीत ग्रे रीफ शार्क, एकावर एक थर, जागच्या जागी. आपण दोन्ही हातांनी दोरी धरलेली आणि ते शेपटीच्या एका हलक्या झटक्यावर उभे! पंधरा मिनिटांत माझ्या टाकीतल्या हवेचा दाब 200 बारवरून 80 वर आला. घाबरलं की माणूस हवा पितो. गाइडने काटा बघितला, काही न बोलता (पाण्यात बोलणार तरी काय) आकडा सोडवला आणि प्रवाहाने आम्हाला खिंडीतून आत लोटून दिलं. वर येण्याआधी तीन मिनिटं थांबायचं असतं, तो सेफ्टी स्टॉप मी त्याच्या टाकीच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर (तोंडात धरून श्वास घ्यायच्या साधनावर) केला.

चूक माझीच होती. 22 डाइव्हच्या जोरावर मी ती डाइव्ह मागून घेतली होती. कार्ड अ‍ॅडव्हान्स्डचं होतं, पण कार्ड हवा वाचवत नाही. वावूतल्या फोत्तेयो कंडूसारख्या नावाजलेल्या जागांना चांगली सेंटरं तीस-चाळीस डाइव्हची नोंद मागतात. लॉगबुक दाखवायला सांगितलं तर अपमान वाटून घेऊ नका. जे सेंटर न विचारता घेऊन जातं, त्याच्याबद्दल शंका घ्या.

हनिफारूला मँटांबरोबर डाइव्ह करायची आहे.

करता येणार नाही. बा अटोलमधल्या हनिफारू बेमध्ये टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत बघणं. बुडबुड्यांनी मँटा बिचकतात. बा अटोल 2011 पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे आणि इथे गाइडशिवाय जाता येत नाही, वेळही मोजून 45 मिनिटं.

पण याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट घरातल्या डाइव्ह न करणाऱ्यांना घेऊन जायला हीच जागा. ही खाडी फुटबॉलच्या मैदानाएवढी, एका बाजूने बंद. हुल्हंगुत भरतीबरोबर प्लँक्टन आत येतं आणि अडकतं. मग मँटा येतात, तोंडं उघडून, एकामागे एक, गोलगोल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती साधली तर जास्त शक्यता. सगळ्यात जवळचं विमानतळाचं बेट धरवंदू. तिथे गेस्टहाउस आहेत. चार दिवस तरी हाताशी ठेवा, एका दिवसात जाऊन मँटा दिसलाच पाहिजे असा हट्ट समुद्र मानत नाही.

व्हेल शार्क नक्की दिसेल का?

नक्की कुणी सांगत असेल तर तो विक्रेता. पण दक्षिण आरीच्या बाहेरच्या काठावर, मामिगिली आणि धिगुराच्या बाजूला, शक्यता जगातल्या फार थोड्या जागांइतकी चांगली आहे, आणि वर्षभर. 2009 पासून हा पट्टा संरक्षित आहे. इथे दिसतात ते बहुतेक अल्पवयीन नर, म्हणजे ‘लहान’ असूनही पाच-सहा मीटरचे.

नियम साधे: अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर अंतर, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवसांत एका माशामागे दहा बोटी आणि साठ माणसं उड्या मारताना मी पाहिली आहेत. तो बिचारा खाली निघून गेला. सकाळी लवकर निघणारी बोट शोधा.

टायगर शार्कची डाइव्ह सुरक्षित आहे का?

फुवामुला पार दक्षिणेला, विषुववृत्ताच्याही पलीकडे. एकच बेट म्हणजेच एक अटोल, आत खाजण नाही, चहूबाजूंनी लगेच खोल समुद्र. मच्छीमार बंदरात मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकत, त्यावर टायगर शार्क जमू लागले. आता बंदराच्या तोंडाजवळ उथळ पाण्यात माशांचे तुकडे ठेवून पर्यटकांना ते दाखवले जातात. तुम्ही खडकाला पाठ लावून एका ओळीत बसायचं, हात आवरून, शार्ककडे नजर ठेवून.

खायला घालून प्राणी बोलावणं योग्य की अयोग्य यावर डायव्हर मंडळींत कडाक्याचे वाद आहेत. मी एकदा केली, थरारलो, पुन्हा करेन असं वाटत नाही. चार मीटर लांबीची मादी दोन हातांवरून जाते आणि तिचा काळा डोळा आपल्याकडे वळतो तेव्हा वाद आठवत नाही, हे कबूल. पण तसंच वावूत अलिमथाच्या जेट्टीला रात्री नर्स शार्क पायात घोटाळतात, तेव्हा ते मला देवळाच्या तळ्यातल्या माशांसारखे वाटतात. फुवामुलाला जाल तर त्याच सहलीत थ्रेशर शार्कसाठी एक पहाटेची डाइव्ह ठेवा. लांब शेपटीचा हा प्राणी आमिषाशिवाय येतो.

हातोड्यासारख्या डोक्याचे हॅमरहेड शार्क?

रसधू अटोल, मादिवरू. पहाटे अंधारात उठून, भिंत सोडून निळ्या पाण्यात. अनेकदा फक्त निळं पाणीच दिसतं.

बुडालेली जहाजं बघायची आहेत.

दोन सांगतो. मालेच्या विमानतळाला लागून ‘मालदीव्ज व्हिक्टरी’. 13 फेब्रुवारी 1981 ला, शुक्रवारी, सिंगापूरहून रिसॉर्टसाठी माल घेऊन आलेलं हे मालवाहू जहाज खडकाला लागलं आणि बुडालं. आता साधारण 12 ते 35 मीटरवर उभं आहे. प्रवाह जोरदार, बोटींची वर्दळ, त्यामुळे अनुभव हवा.

दुसरं अड्डूमध्ये, ‘ब्रिटिश लॉयल्टी’. दुसऱ्या महायुद्धात अड्डूत ब्रिटिशांचा नाविक तळ होता. 1944 ला जर्मन पाणबुडीने अटोलच्या बाहेरून टॉर्पेडो मारून आत नांगरलेल्या या तेलवाहू जहाजाला भगदाड पाडलं. 1946 ला ब्रिटिशांनीच ते बुडवलं. जवळपास 140 मीटर लांब, कुशीवर पडलेलं, प्रवाळाने झाकलेलं. इथे गर्दी फारच कमी असते, कारण इतक्या दक्षिणेला फार थोडे लोक येतात.

प्रवाळ मेलंय असं ऐकलं. खरं का?

बरंचसं. 1998 ला समुद्र तापून मालदीवभर उथळ प्रवाळ पांढरं पडलं आणि मोठ्या प्रमाणात मेलं. सावरत होतं तोवर 2016 ला पुन्हा. रंगीबेरंगी प्रवाळबागेच्या अपेक्षेने जाल तर काही रीफवर मेलेल्या प्रवाळाच्या राखाडी तुकड्यांचे ढीग बघून वाईट वाटेल. कपारींच्या छताखालचं मऊ प्रवाळ मात्र अजूनही पिवळं-जांभळं आहे. मालदीवची खरी श्रीमंती मोठ्या प्राण्यांत. शार्कच्या मासेमारीवर 2010 ला बंदी आली, त्याचं फळ आज खिंडींत दिसतं.

रिसॉर्ट, गेस्टहाउस की सफारी बोट?

डाइव्हिंगसाठीच जात असाल तर सफारी बोट. आठवडाभर बोटीवरच राहायचं, दिवसाला तीन डाइव्ह, आणि प्रवाह बघून बोट जागा बदलते. अनुभव कमी असेल तर मात्र सगळ्यांबरोबर फरपट होते.

गेस्टहाउस स्थानिक बेटांवर असतात, 2009 नंतर त्यांना परवानगी मिळाली. आपल्या खिशाला हेच परवडतं. सेंटरवर एका डाइव्हचे साधारण 50 ते 80 डॉलर. दर सांगताना त्यात 17 टक्के पर्यटन जीएसटी, 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि साहित्याचं भाडं धरलंय का ते लेखी विचारा. शिवाय ग्रीन टॅक्स: लहान गेस्टहाउसमध्ये माणशी रोज 6 डॉलर, रिसॉर्टमध्ये 12. शुक्रवारी सार्वजनिक फेऱ्या बहुतेक बंद असतात, हे विसरलात तर मालेत एक दिवस जातो.

रिसॉर्ट हनिमूनला.

भारतीयांना व्हिसा? सामानात काय नेऊ नये?

पर्यटक व्हिसा उतरल्यावर मोफत मिळतो. प्रवासाआधीच्या 96 तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट. पैसे मागणारी साइट बनावट समजा. मुंबईहून मालेला थेट विमानं आहेत.

दारू नेता येत नाही, ड्यूटी-फ्रीचीसुद्धा. स्थानिक बेटांवर मिळतही नाही. व्हेप बंद. आणि पूजेच्या मूर्ती नेण्यावर बंदी आहे, तेव्हा पर्समधला छोटा गणपती घरी ठेवून जा. येताना शंख, प्रवाळ, वाळू आणायची नाही. स्थानिक बेटांवर पोहण्याचे कपडे फक्त ‘बिकिनी बीच’वर. रमजानमध्ये दिवसा उपाहारगृहं बंद असतात.

शाकाहारींनी आधी कळवून ठेवा. न्याहारीची ‘मस हुनी’ खोबऱ्याच्या किसासारखी दिसते खरी, पण त्यात टूना असतो.

साहित्य घेऊन जावं का?

मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) स्वतःचे. बाकी भाड्याने. पाणी 27 ते 30 अंशांच्या आसपास असतं, 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. पृष्ठभागावर फुगवायचा केशरी मार्कर स्वतःकडे ठेवाच, प्रवाहात वाहून गेल्यावर बोटीला तुम्ही दिसायचे ते त्यानेच. रेग्युलेटर उडीआधी पाण्यात बुडवून दोन श्वास घेऊन बघा. एका सेंटरवर मला दिलेल्याचं तोंडपीस चिरलेलं होतं. प्रत्येक श्वासाबरोबर चमचाभर खारं पाणी. बोटीवरच तपासलं असतं तर बदलून मिळालं असतं.

सर्दी झाली तर?

डाइव्ह नाही. नाकाचे थेंब टाकून उतरू नका. खाली असताना त्यांचा असर गेला तर वर येताना कान अडकतात. पैसे गेले तर गेले. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन असेल तर भारतातूनच डॉक्टरांची चिठ्ठी आणा. फॉर्मवर ‘हो’ लिहिलं की ती मागतातच, आणि खोटं ‘नाही’ लिहू नका.

शेवटची डाइव्ह आणि विमान यात किती अंतर?

एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास. मी 24 धरतो. सी-प्लेनही विमानच, हे लक्षात ठेवा. शेवटचा दिवस मालेच्या मासळीबाजारासाठी ठेवा.

पंधरावीस डाइव्ह झाल्यात, एकच जागा निवडायची आहे. कुठली सांगाल?

माया थिला, उत्तर आरी. आणि रात्री.

छोटीशी टेकडी, माथा सहा मीटरवर, अर्ध्या-पाऊण तासात अख्खी प्रदक्षिणा होते. दिवसा चांगली आहेच. संध्याकाळी साडेसहाला धोनी नांगरते, पश्चिमेला अजून थोडा उजेड असतो, तेव्हा उतरायचं. टॉर्चचा झोत सोडला तर सगळं काळं. त्या झोतात व्हाइटटिप शार्क येतात, मांजरांसारखे, खडकाच्या कपारीत डोकं खुपसून झोपलेले मासे हुडकत. मोरे ईल बिळाबाहेर पूर्ण लांबी सोडून पोहत असतात. तुमच्या टॉर्चचा उजेड ज्या माशावर पडला तो गेला म्हणून समजा. ट्रेव्हली हे शिकारी मासे तुमच्या खांद्यावरून येऊन तो उचलून नेतात. मी तिसऱ्या मिनिटाला टॉर्च हाताने झाकला. मग माथ्यावर, सेफ्टी स्टॉपला, गाइडने सगळ्यांना टॉर्च विझवायची खूण केली. हात हलवला की पाण्यात हिरव्या ठिणग्या उडत होत्या, आणि वर धोनीचा एक पिवळा बल्ब लाटांबरोबर डुलत होता.

प्रवाह असेल तर तिथेही जाऊ नका.